गुप्ततेचा शिक्का कोणाच्या हातात?

प्रश्न असा आहे: सरकारची गुप्त कागदपत्रे बाहेर देणाऱ्या, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन, अमेरिकी लष्करातल्या चेल्सी मॅनिंग यांच्यासारख्यांना देशद्रोही म्हणायचे की जागल्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणारा? त्यांना मिळालेली वागणूक योग्य होती का? आणि आपल्याकडे एखाद्या सरकारी कर्मचाऱ्याच्या हाती असा कागद आला तर त्याने काय करावे? मी बरीच वर्षे सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाजूने विभागीय चौकशा आणि सेवाविषयक प्रकरणे लढवतो आहे. त्यामुळे शेवटच्या भागावर मला जास्त बोलायचे आहे, पण तिथे पोहोचण्यासाठी पहिले दोन भाग टाळता येत नाहीत.

'देशद्रोही की वीर' ही चर्चा वाहिन्यांवर रंगते, न्यायालयात ती होतच नाही. अनेक देशांतले गोपनीयतेचे कायदे मुख्यतः दोनच गोष्टी तपासतात. कागद गुप्त होता का? आरोपीने तो अधिकार नसलेल्या माणसाला दिला का? तो कागद गुप्त ठेवणे योग्य होते का, त्यात सरकारचाच एखादा गुन्हा दडला होता का, हे विचारायला या कायद्यांत जागा नसते. आणि गुप्ततेचा शिक्का मारण्याचा अधिकार असतो त्याच खात्याकडे, ज्याची अब्रू तो कागद उघड झाल्यावर जाणार असते. साऱ्या वादाचे मूळ माझ्या मते इथे आहे.

डॅनियल एल्सबर्ग यांचा खटला वाचला की हे लख्ख दिसते. व्हिएतनाम युद्धाबद्दल अमेरिकी संरक्षण खात्याने स्वतःसाठी तयार करवलेला सुमारे ७,००० पानांचा अहवाल त्यांनी १९७१ मध्ये वर्तमानपत्रांना दिला. एकामागून एक राष्ट्राध्यक्ष या युद्धाबद्दल जनतेला एक सांगत होते आणि आतल्या कागदांवर दुसरेच होते, हे त्या पानांनी दाखवले. छपाई रोखण्याचा सरकारचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने ३० जून १९७१ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी हाणून पाडला. वर्तमानपत्रे सुटली, एल्सबर्ग मात्र अडकले. १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा आणि इतर कलमे मिळून त्यांना ११५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. साक्षीच्या वेळी त्यांच्या वकिलाने विचारले, तुम्ही या प्रती का काढल्या? सरकारी वकिलांनी हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. या कायद्याखाली हेतू गैरलागू, म्हणून ज्युरीला ते उत्तर ऐकायलाच मिळाले नाही. ११ मे १९७३ ला खटला संपला तो निराळ्याच कारणाने. व्हाइट हाउसने पोसलेल्या माणसांनी एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना फोडल्याचे उघड झाले आणि सरकारच्या या गैरवर्तनामुळे न्यायाधीशांनी प्रकरण रद्द केले. आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण त्यांना निर्दोष ठरवणारा निकाल कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही.

ब्रिटनमध्ये एका ज्युरीने ही भिंत ओलांडली होती. क्लाइव्ह पाँटिंग हे संरक्षण खात्यातले वरिष्ठ अधिकारी. फॉकलंड युद्धात 'जनरल बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडवली गेली, त्यात ३२३ माणसे गेली आणि त्या घटनेबद्दल मंत्री संसदेला पुरते खरे सांगत नाहीत हे पाँटिंग यांना दिसत होते. त्यांनी दोन कागद एका खासदाराला पाठवले. खटल्यात न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितले की राज्याचे हित म्हणजे सत्तेवरचे सरकार ठरवेल ते. तरीही फेब्रुवारी १९८५ मध्ये ज्युरीने पाँटिंग यांना सोडले. यावर सरकारने काय करावे? १९८९ मध्ये नवा कायदा केला आणि ज्या शब्दांच्या आधारे हा बचाव उभा राहिला होता तेच शब्द त्यातून वगळले. २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, शिक्कामोर्तब केले की या कायद्यात सार्वजनिक हिताचा बचाव नाही.

ज्यांना जागल्यांचे कौतुक आहे त्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक फोडलेले गुपित सारखे नसते, आणि माणूस धाडसी होता म्हणून त्याची प्रत्येक कृती योग्य ठरत नाही. मी प्रकरण पाहताना माणसाकडे आधी पाहत नाही. काय दिले, किती दिले, कोणाला दिले आणि देण्याआधी वाचले होते का, हे आधी बघतो. एल्सबर्ग यांनी शांतता वाटाघाटींवरचे चार खंड तेव्हा मुद्दाम मागे ठेवले होते, कारण चालू असलेली बोलणी बिघडू नयेत. ही विवेकाची खूण आहे.

मॅनिंग यांच्याबाबत माझे मत दुभंगलेले आहे. १२ जुलै २००७ रोजी बगदादमध्ये अमेरिकी हेलिकॉप्टरने केलेल्या गोळीबाराची चित्रफीत, ज्यात रॉयटर्सचे दोन कर्मचारी मारले गेले, ती जगासमोर यायलाच हवी होती. रॉयटर्सने ती माहितीच्या अधिकारात मागितली होती आणि त्यांना मिळाली नव्हती. पण त्यासोबत गुप्त कागद छापणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाला सात लाखांच्या आसपास कागद दिले गेले, जे एका माणसाने वाचणे शक्यच नव्हते. अफगाण युद्धाच्या नोंदींत स्थानिक खबऱ्यांची नावे होती आणि त्यातली काही तशीच प्रसिद्ध झाली. ती माणसे कोणत्याही गुन्ह्यात सामील नव्हती. याची जबाबदारी छापणाऱ्यांवरही येते, पण देणाऱ्यावरही येतेच.

तरीही मॅनिंग यांना मिळालेली वागणूक मला लांच्छनास्पद वाटते. खटल्याआधी त्यांना क्वांटिको येथील लष्करी तुरुंगात सुमारे नऊ महिने जवळजवळ एकांतात ठेवले. छळाच्या प्रश्नावरचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी हुआन मेंडेझ यांनी ही वागणूक क्रूर आणि अमानुष असल्याचा निष्कर्ष काढला. लष्करी न्यायाधीशांनीही काही वागणूक बेकायदा मानून शिक्षेत ११२ दिवसांची सूट दिली. 'शत्रूला मदत' या सर्वांत गंभीर आरोपातून त्या सुटल्या, तरी शिक्षा ३५ वर्षांची झाली. शिक्षेच्या सुनावणीत सरकारतर्फे आलेल्या लष्करी अधिकाऱ्याला एकही मृत्यू या कागदांशी थेट जोडून दाखवता आला नाही. ओबामांनी जानेवारी २०१७ मध्ये शिक्षा कमी केली म्हणून त्या त्याच वर्षी मे महिन्यात बाहेर आल्या. दयेवर सुटका झाली, न्यायावर नाही.

स्नोडेन यांनी कागद थेट आंतरजालावर न टाकता पत्रकारांना दिले आणि काय छापायचे ते त्यांच्यावर सोपवले. जून २०१३ मध्ये पहिली बातमी आली ती कोट्यवधी अमेरिकी नागरिकांच्या फोनच्या नोंदी सरसकट गोळा होत असल्याची. मे २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने सांगितले की ज्या कलमाचा आधार घेतला होता त्यात असा अधिकार नाही. जूनमध्ये संसदेने कायदा बदलला. २०२० मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयानेही हा कार्यक्रम बेकायदा ठरवला. म्हणजे उघड झालेली गोष्ट बेकायदा होती हे न्यायालयांनी मान्य केले, पण ती उघड करणाऱ्यावरचे आरोप तसेच राहिले. परदेशातल्या हेरगिरीचे जे तपशील त्यांच्या कागदांतून बाहेर आले त्यांचे समर्थन मी सरसकट करणार नाही. ते देशाबाहेर पळाले आणि शेवटी रशियाच्या आश्रयाला गेले, हेही त्यांच्या विरोधकांच्या हाती आयते कोलीत ठरले. पण मायदेशी परतले असते तरी ज्युरीसमोर 'मी हे का केले' एवढे सांगायची मुभा त्यांना मिळाली असती का? एल्सबर्ग यांचा अनुभव पाहता मला तसे वाटत नाही.

'आधी वरिष्ठांकडे जायला हवे होते' हा आक्षेप मी सगळ्यांत गांभीर्याने घेतो, कारण माझ्या अशिलांनाही मी तेच सांगतो. पण थॉमस ड्रेक नेमके त्याच वाटेने गेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतला अब्जाहून अधिक डॉलर गिळणारा एक निरुपयोगी प्रकल्प आणि नागरिकांवरची पाळत याबद्दल ते वरिष्ठांशी बोलले, संसदीय समित्यांना माहिती दिली, संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत साक्ष दिली. काहीच हलले नाही तेव्हा एका पत्रकाराशी बोलले. २००७ मध्ये घरावर छापा, २०१० मध्ये दहा गंभीर आरोप, ३५ वर्षांच्या कैदेची टांगती तलवार. २०११ मध्ये ते सगळे आरोप मागे घेऊन सरकार एका किरकोळ गुन्ह्याच्या कबुलीवर आले. छाप्यानंतर अडीच वर्षे माणसाला ताटकळत ठेवल्याबद्दल न्यायाधीशांनी सरकारला कडक शब्दांत सुनावले. तोवर नोकरी गेली होती, निवृत्तिवेतनावर पाणी सोडावे लागले होते आणि हा वरिष्ठ अधिकारी एका दुकानात फोन-संगणक विकत होता.

याच्या शेजारी दुसरे प्रकरण ठेवून पाहा. सीआयएचे माजी प्रमुख जनरल डेव्हिड पेट्रेअस यांनी अत्यंत गुप्त मजकुराच्या वह्या आपल्या चरित्रलेखिकेला दिल्या. २०१५ मध्ये त्यांना दोन वर्षांची परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे राहणे) आणि एक लाख डॉलर दंड झाला. तुरुंग नाही. त्या वह्यांतून कोणताही गैरव्यवहार उघड झाला नव्हता, सार्वजनिक हिताचा प्रश्नच नव्हता. गुपित सांगणारा वरच्या पायरीवर असेल तर कायद्याचा हात वेगळा पडतो, हे मी आपल्याकडेही पाहतो.

आता आपल्याकडे येऊ. आपला शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा, इंग्रजांनी आपल्यावर राज्य करताना केलेला. त्यात 'गुप्त' म्हणजे काय याची व्याख्याच नाही. अतिगुप्त, गुप्त, गोपनीय असे शिक्के मारण्याची पद्धत गृह मंत्रालयाच्या अंतर्गत सूचनांवर चालते. कलम ३ हेरगिरीचे, त्यात १४ वर्षांपर्यंत शिक्षा. कलम ५ मध्ये कागद देणारा आणि जाणूनबुजून घेणारा दोघेही येतात, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ब्रिटनने आपल्याकडचे असेच सर्वव्यापी कलम १९८९ मध्ये काढून टाकले. आपण ते जपून ठेवले आहे. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ च्या पहिल्याच अहवालात हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली होती.

या कायद्याचा धाक कसा चालतो ते पत्रकार इफ्तिखार गिलानी यांच्या प्रकरणात दिसले. जून २००२ मध्ये त्यांना अटक झाली. त्यांच्या संगणकावर काश्मीरमधल्या सैन्याच्या तैनातीची माहिती सापडली, असा आरोप होता. ती माहिती पाकिस्तानातल्या एका संस्थेच्या प्रकाशित अहवालातली, आंतरजालावर कोणालाही मिळणारी होती. आधी लष्करी गुप्तचर खात्याने ती घातक असल्याचे मत दिले, पुढे मत बदलले आणि जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला. दरम्यान सात महिने माणूस तिहारमध्ये होता.

या काळ्या पाटीवर दोन रेघा पांढऱ्या आहेत. माहिती अधिकार अधिनियम २००५ चे कलम ८(२) सांगते की गुपिते अधिनियम काहीही म्हणो, उघड करण्यातले सार्वजनिक हित संभाव्य हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते. दुसरी रेघ राफेल विमान खरेदीच्या प्रकरणातली. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'द हिंदू'ने संरक्षण मंत्रालयातल्या टिपण्या छापल्या. हे कागद चोरीचे आहेत, ते विचारात घेऊ नका, असे महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले. १० एप्रिल २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने हा आक्षेप फेटाळला. पुढे नोव्हेंबरमध्ये मूळ पुनर्विलोकन याचिका फेटाळल्या गेल्या, ही वेगळी गोष्ट. कागद बाहेर कसा आला यावरून त्याकडे डोळेझाक करता येत नाही, एवढे तत्त्व मात्र उरले. पण ते न्यायालयाला कागद वाचू देते. कागद देणाऱ्या कर्मचाऱ्याला वाचवत नाही.

प्रत्यक्षात आपल्याकडे जागल्यावर गुपिते अधिनियम क्वचितच लावला जातो. त्याची गरजच पडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत क्रम बहुधा ठरलेला असतो. तक्रार गेल्यावर काही आठवड्यांत बदली, बहुतेकदा मुलांची शाळा मध्यावर असताना. मग चांगला चाललेला गोपनीय अहवाल एकाएकी दोन श्रेणींनी खाली येतो. मग जुनी प्रवास देयके काढली जातात, एखाद्या दौऱ्याच्या भत्त्यात विसंगती सापडते, ज्ञापन (आरोपांची लेखी नोटीस) येते, निलंबन होते. पगाराऐवजी निर्वाह भत्ता, तोही सुरुवातीला साधारण निम्मा, आणि मुख्यालय सोडायचे नाही. पदोन्नती समिती बसते तेव्हा त्याचा निकाल मोहोरबंद पाकिटात जातो, चौकशी संपेपर्यंत उघडला जात नाही. चौकशी वर्षानुवर्षे चालते. दोषारोपपत्रात मूळ तक्रारीचा उल्लेख कुठेही नसतो, त्यामुळे हा सूड आहे हे सिद्ध करायचे ओझे कर्मचाऱ्यावर येते. असे लोक मी खचताना पाहिले आहेत. शिक्षा होण्याच्या फार आधी खचतात, आणि शेवटी निर्दोष सुटले तरी त्या वर्षांची भरपाई करणारा आदेश मी अजून पाहिलेला नाही.

नाव फुटणे हा याहून मोठा धोका आहे. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरले. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. तपास यंत्रणेने तो लुटीचा प्रकार ठरवला आणि २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली. पण ज्याने विश्वासाने नाव झाकायला सांगितले होते त्याचे नाव कार्यालयांनीच उघडे पाडले, ही गोष्ट कोणत्याही निकालाने पुसली जात नाही. या खुनानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे एप्रिल २००४ मध्ये केंद्राने सार्वजनिक हित प्रकटीकरणाचा एक ठराव काढला आणि केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी घेण्याचे काम दिले. मग २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात गुपिते अधिनियम आड न येता सक्षम प्राधिकाऱ्याकडे तक्रार करण्याची मुभा होती. तो लागू करण्याची अधिसूचना काढलीच गेली नाही. उलट २०१५ च्या दुरुस्ती विधेयकाने हीच मुभा काढून घेण्याचा घाट घातला. ते लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि २०१९ मध्ये व्यपगत (आपोआप रद्द) झाले. हा कायदा लागू करायला संसदेत जाण्याची गरज नाही. सरकारची एक अधिसूचना पुरते. म्हणून मी याला दिरंगाई म्हणत नाही, हा निर्णय आहे.

तर हाती कागद आलेल्या कर्मचाऱ्याने काय करावे?

मूळ कागद कार्यालयातून हलवू नका. घरी नेलेली एक नस्ती (फाइल) किंवा पेन ड्राइव्हमध्ये उतरवलेला संच तुमच्या खऱ्या तक्रारीला चोरीच्या प्रकरणात बदलून टाकतो, मग सगळी चर्चा तुम्ही काय नेले यावर होते. त्याऐवजी नस्तीचा क्रमांक, टिपणीचे पान, तारीख, आवक-जावक नोंदवहीतली नोंद लिहून ठेवा. कागद कुठे आहे हे अचूक सांगता आले की चौकशी यंत्रणा तो स्वतः मागवू शकते. स्वतःची बाजूही आधी नीट करून घ्या: सेवापुस्तकातल्या नोंदी, मागच्या वर्षांचे गोपनीय अहवाल, सगळी प्रवास देयके. वार तिथूनच येणार आहे.

केंद्र सरकारचे किंवा केंद्राच्या मालकीच्या उपक्रमाचे प्रकरण असेल तर दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे बंद लिफाफ्यात, सार्वजनिक हित प्रकटीकरण ठरावाखालील तक्रार असल्याचे लिफाफ्यावर लिहून पाठवा. नाव-पत्ता आतल्या पत्रात द्या, लिफाफ्यावर नाही. निनावी तक्रार या ठरावाखाली घेत नाहीत. आणि तीच तक्रार चार ठिकाणी प्रत लावून पाठवू नका. तसे केले की ती साधी तक्रार धरली जाते आणि नाव झाकण्याचे बंधन गळून पडते. उत्साहाच्या भरात मंत्र्यापासून संपादकापर्यंत सगळ्यांना प्रती धाडणारे अशील मला वारंवार भेटतात, आणि तोवर फार थोडे वाचवता येते.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना हा ठराव लागू नाही. त्यांना लोकायुक्त आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभाग हेच मार्ग आहेत, आणि तिथे नाव गुप्त राहण्याची हमी तुलनेने कच्ची आहे. जिवाला धोका वाटत असेल आणि प्रकरण गंभीर गुन्ह्यात साक्षीपर्यंत जाणार असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. हा अर्ज धमकी आल्या दिवशी करा, नंतर नव्हे.

पत्रकाराकडे जायचे का? वर्तणूक नियमांनुसार परवानगीशिवाय शासकीय माहिती बाहेर देणे हा स्वतंत्र कसूर आहे, मग कागदावर गुप्त शिक्का असो वा नसो. अंतर्गत वाट वापरून झाली आहे, तिची तारीखवार नोंद तुमच्याकडे आहे आणि माणसांच्या जिवाशी खेळ चालू आहे, अशा वेळी कोणी तो मार्ग धरला तर मी त्याला नावे ठेवणार नाही, त्याचे वकीलपत्र घेईन. पण त्याआधी घरच्यांशी बोला. निम्म्या पगारावर दोन-तीन वर्षे काढता येतील का, हा हिशेब तक्रारीच्या मसुद्याइतकाच गांभीर्याने करा. शिवाय माहिती अधिकारात तीच कागदपत्रे दुसऱ्या नागरिकाला मागता येतात का, हे तपासा. कित्येकदा येतात, आणि मग तुमचे नाव त्यात यायचे कारण उरत नाही.